चेनसॉचा कार्बोरेटर : स्क्रूला हात शेवटी



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत, पाणी यावर लिहावे, मशीनच्या कार्बोरेटरवर कशाला, असे काहींना वाटेल. पण हंगाम तोंडावर आला की गट ऑफिसला येणाऱ्या सभासदांच्या बोलण्यात उसाच्या खालोखाल हाच विषय निघतो. वादळाने पाणंदीवर बाभळ आडवी पडली, बांधावरच्या सुबाभळीची फांदी भरल्या ट्रॉलीला घासू लागली, तर आता कोणी कुऱ्हाड शोधत नाही. तिघाचौघांत मिळून घेतलेली पेट्रोलची चेनसॉ घरात असते. नेमकी तोडीची पाळी आली की ती चालत नाही. मग रस्ता बंद, ट्रॅक्टर उभा, आणि तोडलेला ऊस फडात वाळतोय. तोडलेला ऊस गव्हाणीत पडायला जितका उशीर, तितके वजन आणि साखर दोन्हींचे नुकसान, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून हा विषय माझाच आहे असे मी समजतो. (उभे झाड तोडायचे तर १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याप्रमाणे परवानगीचे पाहावे लागते. तो विषय वेगळा, पण विसरू नका.)

मागच्या दिवाळीच्या सुमारास एक सभासद पोत्यात मशीन गुंडाळून आले आणि टेबलावर ठेवून म्हणाले, "साहेब, तुमच्या इथेनॉलनं माझं मशीन खाल्लं."

मी म्हटलं, "तुमच्या नव्हे, आपल्या म्हणा." बसलेले सगळे हसले. ते मात्र हसले नाहीत, आणि त्यांचेही खरे होते. पिस्टन जाम झाला होता. दुरुस्तीचा खर्च नव्या मशीनच्या निम्म्यावर जात होता.

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. देशात पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला गेला. फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंपावर येऊ लागले, आणि २०२५ मध्ये देशभर २० टक्क्यांचे प्रमाण गाठले गेले. यातले काही इथेनॉल येते ते मळीतून आणि उसाच्या रसातून, म्हणजे तुमच्याच फडातून. त्याचा पैसा आपल्याला हवा आहे. मग त्या पेट्रोलने सभासदाच्या मशीनला काही होत असेल, तर ते दुसऱ्याने सांगण्याआधी आपल्याच पत्रिकेत छापून आले पाहिजे. म्हणून आम्ही ते मशीन मिस्त्रीच्या टेबलावर नेऊन त्यांच्यासमोरच उघडले.

काय निघाले ते सांगतो. टाकीतले पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतले तर त्यात दोन थर दिसले. वर तेलकट रंगाचे पेट्रोल आणि तळाला दोन बोटे गढूळ पाणी. ते नुसते पाणी नव्हते, पाणी आणि इथेनॉल एकत्र होते. इथेनॉलला पाण्याची ओढ फार. मे महिन्यात भरलेली टाकी पावसाळाभर गोठ्यात पडून होती. दमट हवेतला ओलावा ते ओढत राहिले, आणि प्रमाणाबाहेर पाणी झाल्यावर पेट्रोलला सोडून तळाशी बसले. आता गंमत अशी की टूटी मशीनमध्ये आपण टाकतो ते तेल पेट्रोलबरोबर वरच राहते, आणि पेट्रोल ओढणारी नळी असते टाकीच्या तळाला. म्हणजे दोरी ओढली की इंजिनाला पहिला घोट मिळाला तो बिनतेलाचा.

पण तेवढ्याने मशीन मेले नव्हते. ते कसेबसे चालू झाले, जोर लागेना, म्हणून त्यांच्या धाकट्या भावाने कार्बोरेटरचा एक स्क्रू पिळला. मशीन एकदम किंचाळायला लागले. "लई गोड चाललं साहेब, कधी नव्हतं इतकं," असे ते म्हणाले. दोन दिवस गोड चालले आणि तिसऱ्या दिवशी बुंध्यातच थांबले. उघडल्यावर पिस्टनला सायलेन्सरच्या बाजूने उभे ओरखडे होते.

त्यांना बोल लावण्याचा अधिकार मला नाही. २००२-०३ मध्ये उसावर लोकरी मावा आला तेव्हा मी नुकताच शेतकी खात्यात लागलो होतो. पाठीवरचा पॉवर स्प्रेअर धूर फार सोडतो, पेट्रोल फार खातो, म्हणून हुशारीने मी त्याच्या कार्बोरेटरची सुई एक खाच खाली घेतली. सकाळभर अगदी झकास चालला. दुपारी एका फडाच्या मधोमध जाम झाला. पिस्टन बदलायला लागला, आणि वरिष्ठांचे शब्द ऐकायला लागले ते वेगळेच.

कार्बोरेटर काय करतो

चेनसॉ आडवी, उभी, कधी उलटी धरून चालवतात. म्हणून मोटरसायकलसारखी तरंगत्या गोळ्याची वाटी तिच्यात चालत नाही. त्याऐवजी दोन पातळ पडदे असतात, त्यांना डायफ्रॅम म्हणतात. एक पडदा इंजिनाच्या धक्क्यावर हलून टाकीतले पेट्रोल ओढतो, म्हणजे तो पंप झाला. दुसरा पडदा आत पेट्रोल कमी झाले की खाली दबतो, एका छोट्या तरफेला रेटतो, सुई उचलली जाते आणि हवे तेवढेच पेट्रोल आत येते. पंपाच्या पडद्याजवळ केसासारखी बारीक जाळी असते. पडदा कडक झाला किंवा जाळी तुंबली, तर बाहेरून स्क्रू कितीही फिरवा, आत पेट्रोलच पोचत नाही.

बाहेर बहुधा तीन स्क्रू दिसतात. 'एल' हा स्लोवरच्या आणि रेस घेतानाच्या पेट्रोलचा. 'एच' हा पूर्ण रेसवरच्या पेट्रोलचा. तिसरा 'टी' किंवा 'एलए' असा लिहिलेला, त्याचा पेट्रोलशी संबंध नाही; तो फक्त हवेची झडप किंचित उघडी धरून स्लो स्पीड वाढवतो. एल आणि एच उजवीकडे पिळले की पेट्रोल कमी होते, डावीकडे सोडले की वाढते. पेट्रोल कमी असलेल्या मिश्रणाला मिस्त्री लीन म्हणतात, जास्त असलेल्याला रिच. आपण सोयीसाठी सुके आणि ओले म्हणू.

सुक्या मिश्रणाचा धोका एवढा का, ते एकदा नीट समजून घ्या. या इंजिनाला वंगणाची वेगळी टाकी नाही. तेल पेट्रोलमधूनच येते. पेट्रोल कमी केले की तेलही कमी झाले. वर उष्णता वाढते आणि वेगही वाढतो. म्हणून मशीन मरण्यापूर्वी सर्वांत गोड चालते. ओले मिश्रण धूर करील, प्लग काळा करील, जोर कमी देईल, पण पिस्टन खाणार नाही. शंका असेल तेव्हा ओल्याच्या बाजूला चुका.

स्क्रूच्या आधी काय पाहावे

मिस्त्रीचा अनुभव आणि माझाही, की कार्बोरेटर बिघडला म्हणून आलेल्या बऱ्याच मशीनचा दोष दुसरीकडेच असतो. म्हणून पुढचे सगळे पाहून होईपर्यंत स्क्रू-ड्रायव्हर खिशातच ठेवा.

पहिले पेट्रोल. वर सांगितल्याप्रमाणे काचेच्या बाटलीत ओतून दहा मिनिटे स्थिर ठेवा. तळाला थर, गढूळपणा किंवा व्हार्निशसारखा आंबूस वास असेल तर ते टाकून द्या. हलवून पुन्हा एकजीव करण्याचा खटाटोप करू नका. आणि टाकताना विहिरीच्या किंवा पाटाच्या आसपास ओतू नका. ताजे पेट्रोल घ्या, आणि तेल टूटीचेच, मापाने. पुस्तिकेत ५० ला १ लिहिले असेल तर लिटरला २० मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली. बाटलीच्या झाकणाने अंदाजे ओतणे बंद करा. ट्रॅक्टरचे तेल तर मुळीच नको.

मग एअर फिल्टर. भुशाने भरलेला फिल्टर म्हणजे तोंडावर पदर धरून पळण्यासारखे आहे. हवा कमी, म्हणून मिश्रण आपोआप ओले. असे मशीन धूर करते म्हणून लोक एच पिळून सुके करतात. आठवड्याने कोणी फिल्टर धुतो, हवा मोकळी होते, आणि तेच मशीन आता भलतेच सुके चालते. असा पिस्टन गेला तर कारण कुणालाच कळत नाही. म्हणून ट्युनिंग नेहमी स्वच्छ फिल्टरवरच करायचे.

प्लग काढून पाहा. खारकेसारखा तपकिरी असेल तर ठीक. पांढरा, कोरडा असेल तर मिश्रण सुके. काळा आणि ओलसर असेल तर ओले, किंवा तेल जास्त. मशीन चालूच होत नसेल तर आठ-दहा वेळा दोरी ओढून प्लग काढा. कोरडा निघाला तर पेट्रोल पोचत नाही, भिजलेला निघाला तर पेट्रोल येते पण ठिणगी नाही किंवा चोकने तुंबले आहे. एवढ्या एका गोष्टीने अर्धा शोध संपतो.

टाकीतल्या नळीच्या टोकाला एक छोटा फिल्टर असतो, तो वाकड्या तारेने बाहेर ओढून पाहा. काळा, चिकट झाला असेल तर बदला. नळीला बारीक चीर असेल तर ती पेट्रोलऐवजी हवा ओढते. टाकीला श्वास घ्यायला एक भोक असते, तेही मातीने बुजते. मशीन दहा-पंधरा मिनिटे चांगले चालून दम सोडत असेल तर टाकीचे झाकण सैल करा. फुस्स आवाज येऊन मशीन पुन्हा नीट चालले, तर दोष त्या भोकाचा. सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणगी अडवायची जाळी असते, ती काजळीने भरली तरी जोर जातो.

दोन गोष्टी मात्र घरी दुरुस्त होणाऱ्या नाहीत, पण ओळखता येतात. प्लग जागेवर असताना, मशीन बंद ठेवून, दोरीच्या मुठीला धरून उचलले तर ते हळूहळू खाली उतरले पाहिजे. सरसर उतरले तर दाब गेला आहे, आता स्क्रूचा उपयोग नाही. दुसरी, स्लोवर चालू ठेवून मशीन डावी-उजवीकडे कलवा. प्रत्येक कुशीवर वेग बदलत असेल, किंवा रेस सोडल्यावर वेग लगेच खाली येत नसेल आणि एल फिरवूनही फरक पडत नसेल, तर कुठून तरी फुकटची हवा आत येते आहे. तेलसील किंवा कार्बोरेटरमागचा रबर गेला असावा. अशा मशीनला स्क्रू सोडून ओले करणे म्हणजे भोकाच्या घागरीत जास्त पाणी ओतणे. ते मिस्त्रीकडेच द्या.

आता ट्युनिंग

हे सगळे नीट असूनही मशीन अडखळत असेल, तरच पुढे जायचे. सुरुवातीला एल आणि एच सध्या किती उघडे आहेत ते मोजून भिंतीवर लिहून ठेवा. हलक्या हाताने पूर्ण बंद होईपर्यंत फेऱ्या मोजायच्या. हलक्या हाताने म्हणजे दोन बोटांनी. जोर लावला तर स्क्रूचे टोक आणि ते बसते ती जागा, दोन्ही कायमची बिघडतात. मग दोन्ही पुस्तिकेत दिले असतील तितके, ते नसेल तर साधारण एक फेरा उघडा. काही मशीनना स्क्रूवर मर्यादेची टोपी असते, ती गॅरंटीत असताना फोडू नका. काही नव्या मशीनना तर स्क्रूच नसतात, त्यांचे त्यांनाच जुळते.

पट्टी आणि चेन बसवलेली, चेनचा ताण बरोबर. मशीन जमिनीवर, मागच्या मुठीत पाय, आजूबाजूला पोरे नकोत. दोन-तीन मिनिटे चालवून गरम करा. थंड मशीन ट्यून करणे म्हणजे उपाशी बैलाचा जोर अजमावणे.

आधी एल. सावकाश उजवीकडे फिरवत जा. वेग वाढेल, मग अडखळायला लागेल. ती जागा ध्यानात ठेवा. आता डावीकडे सोडा. वेग वाढून पुन्हा जड, भडभडता होईल. या दोहोंच्या मध्ये जिथे वेग सर्वांत जास्त आणि एकसारखा, तिथून अष्टमांश फेरा डावीकडे, म्हणजे ओल्याच्या बाजूला, ठेवा. मग एकदम रेस द्या. अडखळून उचलत असेल तर अजून थोडे सोडा. मिनिटभर स्लोवर ठेवल्यावर जड होऊन बंद पडत असेल आणि रेस दिल्यावर धुराचा लोट येत असेल तर किंचित पिळा. इथे घाई करू नका, प्रत्येक वेळी स्क्रू हलवल्यावर दहा सेकंद थांबा, इंजिनाला कळायला तेवढा वेळ लागतो.

त्यानंतर तिसरा स्क्रू. मशीन बंद पडू नये एवढाच वेग, आणि स्लोवर चेन अजिबात फिरता कामा नये. पुष्कळ जण मशीन बंद पडते म्हणून हाच स्क्रू पिळतात, आणि स्लोवर चेन रांगत राहते. त्याच स्थितीत ते मशीन हातात धरून फांद्यांतून चालतात. मांडीला टाके पडलेले सभासद मी पाहिले आहेत. वेग कमी करूनही चेन फिरत असेल तर क्लचची स्प्रिंग तपासा.

शेवटी एच, आणि इथेच मशीन वाचते किंवा मरते. चेनचा ब्रेक सोडलेला हवा, नाहीतर क्लच जळेल. पूर्ण रेस द्यायची ती फक्त तीन-चार सेकंद. बिनलोडावर आवाज स्वच्छ, तीक्ष्ण, शिट्टीसारखा असेल तर मिश्रण सुके आहे, लगेच रेस सोडा आणि एच डावीकडे सोडा. बिनलोडावर आवाज किंचित बोबडा, भरभर असा यायला हवा. मग बुंध्यात घाला. लाकडात शिरल्यावर तोच आवाज स्वच्छ होऊन जोर आला तर बरोबर जमले. लाकडातही बोबडाच राहिला आणि धूर असेल तर थोडे जास्त ओले आहे, अष्टमांश फेरा पिळा. लाकडात घातल्यावर धाप लागून वेग कोसळला तर सुके, परत सोडा. कानाला गोड लागते म्हणून पिळू नका. पाच-सहा काप घेऊन मशीन बंद करा, प्लग काढा आणि रंग पाहून खात्री करा.

इथेनॉलचा दोष किती, आपला किती

इथेनॉल निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. शुद्ध पेट्रोलचा एक भाग जळायला वजनाने साधारण पावणेपंधरा भाग हवा लागते, इथेनॉलला ९ भाग. २० टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे जुन्या पेट्रोलवर बरोबर जुळवलेले मशीन, स्क्रूला हात न लावताही, नव्या पेट्रोलवर थोडे सुके चालते. म्हणून चार-पाच वर्षांपूर्वी ट्यून केलेल्या मशीनचा एच एकदा तपासून किंचित सोडून घेणे योग्य. दुसरे असे की जुन्या मशीनचे रबर या इंधनासाठी बनलेले नसते. पडदा ताठ होतो, बोटाने दाबला तर पापडासारखा वाजतो. पडदे-पॅकिंगचा संच नव्या पिस्टन-सिलिंडरच्या मानाने किरकोळ किमतीत मिळतो, तो बदलून घ्यावा. काही पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे स्पष्ट छापलेले असते. नवे मशीन घेताना २० टक्क्यांना चालते का, हे दुकानदाराकडून लिहून घ्या. तोंडी "चालतंय की" यावर जाऊ नका.

पण टाकीत पाच महिने पेट्रोल ठेवले ते इथेनॉलने नव्हे. दोन आठवड्यांत संपेल एवढेच मिश्रण करा, महिन्यापेक्षा जुने वापरू नका. डबा गच्च झाकणाचा आणि भरलेला असावा, अर्ध्या डब्यात हवा म्हणजे ओलावा. मृग लागण्यापूर्वी टाकी रिकामी करा, आणि मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरही रिकामा होईल. तिघांचे मिळून मशीन असेल तर हे काम कोणाचे, ते आधीच ठरवा. सगळ्यांचे म्हटले की कोणाचेच नसते, हे आपण पाण्याच्या पाळीवरून जाणतो.

त्या सभासदांच्या मशीनला नवा पिस्टन आणि नवे पडदे बसले. मिस्त्रीने एच ट्यून करून स्क्रूच्या डोक्यावर आणि बाजूच्या कडेवर नेलपॉलिशची एक रेघ ओढून दिली. कोणी फिरवला की रेघ मोडलेली दिसते. धाकटा भाऊ म्हणाला, ही रेघ माझ्यासाठीच आहे.

ज्यांना आपले मशीन तपासून पाहायचे असेल त्यांनी गट ऑफिसला चिटबॉयकडे नाव द्यावे. पाच-सहा मशीन जमली की मिस्त्रीला बोलावून एक सकाळ तेवढ्यासाठी ठेवू. येताना मशीनची पुस्तिका, जुना प्लग, आणि टाकीतले पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत घेऊन यावे. पुस्तिका हरवली असेल तर मॉडेलचा नंबर कागदावर लिहून आणावा.